मार्जिन सोडलेले कार्ड

मित्रांनो, मी एक जुने एटीएम कार्ड आहे. माझा एक कोपरा वाकलेला आहे, कडेला वाळलेल्या गोंदाची किनार आहे आणि माझी मुदत कधीच संपली आहे. सध्या माझा मुक्काम पडद्यांच्या कड्यांच्या डब्यात असतो. आता तुम्हाला वाटेल, डब्यात पडलेला हा म्हातारा रडगाणे गाणार. मुळीच नाही. आज सकाळी असे काही घडले आहे की ते कधी एकदा तुम्हाला सांगतो असे मला झाले आहे. पण त्यासाठी आधी माझ्या जन्मापासून सुरुवात करायला हवी, नाहीतर आजची गंमत तुम्हाला कळायची नाही.

माझा जन्म कारखान्यात झाला. प्लॅस्टिकच्या मोठ्या तावातून मला कापून काढले, कडा घासल्या आणि छातीवर चिप बसवली. चिप बसताच अंगातून अशी शिरशिरी गेली की मला तिथल्या तिथे उडी मारावीशी वाटली. शेजारच्या पट्ट्यावरून सोनेरी कार्डे चालली होती. त्यांचा तोरा काय वर्णावा. त्यांतल्या एकाने मला विचारले, मी कुठल्या खात्याचा. साध्या खात्याचा, असे मी सांगितले. "अरेरे, म्हणजे तुझ्या मालकाला उधारी नाही," असे म्हणून ते चकाकत पुढे गेले. उधारी म्हणजे काय हेच मला ठाऊक नव्हते, त्यामुळे त्याचे बोलणे मनाला लागायचे राहून गेले.

माझ्यावर कुणाचे नावही छापलेले नव्हते. साधे खाते उघडायला जो येईल त्याच्या हाती लगेच देता यावे, म्हणून आम्हाला लिफाफ्यांत घालून बँकेतल्या मॅडमच्या खणात ठेवले होते. खण उघडला की आम्ही सगळे श्वास रोखून धरायचो. आज कुणाचा नंबर लागतो? मी तर इतका उतावीळ होतो की माझ्या धक्क्याने खालचे लिफाफे घसरायचे.

एक दिवस मॅडमच्या टेबलापुढे दोन बायका आल्या. थोरली पडदे शिवायची. सगळी गल्ली तिला पडदेवाली म्हणायची. दुसरी तिची भावजय, म्हणजे पाठच्या भावाची बायको. तिला ती धाकटी म्हणायची. या भावाने गाडी घेण्यासाठी कर्ज काढले होते आणि पडदेवाली त्याला जामीन राहिली होती. भावाने थोडे दिवस हप्ते भरले आणि मग गाडीसकट जो पसार झाला, तो बायकोलाही काही बोलला नाही. वसुलीची माणसे पडदेवालीच्या दारात येऊन बसली. तिचे नाव खराब झाले ते झालेच. धाकटीला मात्र तिने आपल्या घरी आणले आणि तुरपाईच्या कामाला बसवले. दोघी एका ताटात जेवत, पण भावाचा विषय निघाला की धाकटी मान खाली घाली आणि पडदेवाली लगेच दुसरे बोलणे काढी.

त्या दिवशी बँकेत येण्याचे कारण मोठे होते. एका इस्पितळाची नवी इमारत तयार झाली होती आणि तिथल्या प्रत्येक खाटेभोवती पडदे लागणार होते. तिथल्या भांडारवाल्या काकांना पडदेवालीचा नमुना पसंत पडला होता. अडचण एकच होती. इस्पितळ हातात पैसे देत नव्हते. खाते असेल तर काम, नाहीतर दुसरा शिंपी.

"मॅडम, आधीच सांगून टाकते," पडदेवाली खुर्चीत न बसताच म्हणाली. "माझी पत नाही. नंतर कळल्यावर हाकलणार असाल तर आत्ताच हाकला."

मॅडमनी चष्मा कपाळावर चढवला. "आधी बसा बरं. तुम्ही कर्ज मागायला आलात की पैसे ठेवायला?"

"ठेवायला."

"मग तुमची पत मी कशाला बघू? पैसे तुमचे. खरं तर बँकेची पत तुम्ही बघायला हवी."

धाकटीला खुदकन हसू आले. पडदेवालीला आले नाही. इतक्या सहज काही मिळते यावर तिचा विश्वासच नव्हता. "यात मेख काय आहे?" तिने विचारले.

"मेख नाही, मर्यादा आहे," मॅडम म्हणाल्या. "हे साधं खातं. यात कर्ज नाही, उधारी नाही, चेकबुकही नाही. जेवढे आत आहेत तेवढेच बाहेर येणार. पण पगार, बिलं, जे काही येईल ते यात जमा होईल, आणि अमुक एक रक्कम ठेवलीच पाहिजे असंही नाही. ते थकलेलं कर्ज आमच्याच बँकेचं आहे का?"

"नाही, दुसऱ्या."

"मग उत्तम. आमचं असतं तर आलेले पैसे आधी तिकडे वळले असते, म्हणून विचारलं."

आणि मित्रांनो, खण उघडला. मॅडमचा हात थेट माझ्यावर पडला. मी बाहेर आलो, उजेडात आलो, पडदेवालीच्या सुया टोचून खरखरीत झालेल्या बोटांत आलो. "पिन पाठ करा, कुणाला सांगू नका. कार्ड कुणाच्या हातात देऊ नका. जपून ठेवा," असे मॅडमनी बजावले. पुढचा सगळा गोंधळ या शेवटच्या दोन शब्दांनी केला.

कारण जपण्याची पडदेवालीची पद्धत ठरलेली होती. जपायची वस्तू म्हटली की ती लॅमिनेट करायची. तिच्या घरी वडिलांचा फोटो लॅमिनेट केलेला होता, दुकानाचा परवाना, पडद्यांच्या मापांचा तक्ता, दाताच्या डॉक्टरांनी दिलेला कागदसुद्धा. धाकटी म्हणायची, घरात लॅमिनेट न केलेली अशी आपण दोघीच उरलोय. बँकेतून निघाल्यावर पडदेवालीने धाकटीला भाजी आणायला पाठवले आणि स्वतः तडक लॅमिनेशनवाल्याचे दुकान गाठले. तो फोनवर कुणाशी तरी तावातावाने भांडत होता. त्याने माझ्याकडे नीट बघितलेसुद्धा नाही.

गरम रोलरमधून जाताना मला वाटले, हा माझा सत्कारच चालला आहे. बाहेर आलो तो दोन्ही अंगांनी चकचकीत. लॅमिनेशनवाला कात्री घेऊन कडा कापू लागला तेव्हा पडदेवालीने त्याला अडवले. "अगदी कडेला नका जाऊ. चारी बाजूंनी थोडं मार्जिन सोडा. उसवायला नको." मी तर हरखून गेलो होतो. ते सोनेरी कार्ड आता भेटायला हवे होते, असे मला राहून राहून वाटत होते.

काही दिवसांनी इस्पितळाची आगाऊ रक्कम खात्यात जमा झाली. कापडाच्या घाऊक दुकानात फिकट हिरव्या कापडाचे तागे पडदेवालीने बाजूला काढून ठेवायला सांगितले होते. सगळे तागे एकाच लॉटचे होते, कारण लॉट बदलला की रंगात फरक पडतो आणि एका खाटेचा पडदा दुसरीशी जुळत नाही. दुकानदाराला रोख हवी होती. त्याने स्पष्ट सांगितले होते की संध्याकाळपर्यंत वाट बघेन, नंतर दुसरे गिऱ्हाईक उभेच आहे. हे कापड गेले तर काम जाणार होते.

दोघी एटीएमवर आल्या. माझा पहिलावहिला दिवस. मी पाकिटातून उडी मारायचाच बाकी होतो. पडदेवालीने मला मशिनच्या फटीपाशी नेले आणि आत ढकलले. मी गेलोच नाही. तिने मला उलटे केले, मग सुलटे, मग आडवे. तरी मी बाहेरच. मागे रांग वाढू लागली. मागच्या एका गृहस्थाने विचारले, "ताई, मी बघू का?" तिने मला मुठीत घट्ट लपवले. कुणाच्या हातात द्यायचे नाही, असे मॅडमनी सांगितले होते ना.

ती बाहेर पायरीवर येऊन बसली. तिचा चेहरा पार उतरला होता. "कळलं मशिनला," ती म्हणाली. "माझं मागचं सगळं निघालं असणार. तोंडावर गोड बोलल्या त्या मॅडम. चल, काकांना सांगते, दुसरा शिंपी बघा."

मला ओरडून सांगायचे होते की अगं बाई, तुझे नाव, तुझी पत, तुझा भाऊ, यातले त्या मशिनला काही माहीत नाही. मी अंगाने जाड झालो आहे, एवढीच गोष्ट आहे. पण प्लॅस्टिकच्या दोन पदरांत अडकलेल्या कार्डाचे कोण ऐकतो?

"वन्सं, मला दाखवा तरी," धाकटी म्हणाली.

"कुणाच्या हातात द्यायचं नसतं."

धाकटीने पुढे केलेला हात तसाच ठेवला. मग हळूच म्हणाली, "मी त्यांची बायको आहे, म्हणून ना?"

मित्रांनो, पडदेवालीची मूठ तेव्हा केवढी आवळली गेली होती ते मला माहीत आहे, कारण मी त्या मुठीत होतो. एका माणसावर विश्वास टाकून तिने आपले नाव घालवले होते आणि आता त्याच माणसाच्या बायकोने हात पुढे केला होता. मला वाटले, आता ती उठून चालायला लागेल. पण तिने धाकटीकडे बघितले. धाकटीची बोटे तुरपाई करून करून तिच्यासारखीच खरखरीत झाली होती. "तू माझी आहेस," ती म्हणाली. "त्याची होतीस तेव्हाही माझीच होतीस." आणि तिने मूठ उघडली.

धाकटीने मला हातात घेतले. वर्षभर ती दुसरे काही नाही, फक्त कापडाच्या कडा चाचपत आली होती. तिने माझ्या कडेवरून अंगठा फिरवला, थांबली, पुन्हा फिरवला.

"वन्सं, याला मार्जिन कुणी सोडलं?"

"मीच सोडायला सांगितलं. लॅमिनेशन केलंय. जपून ठेवा म्हणाल्या ना त्या."

धाकटी आधी हसली आणि मग तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागले. तिने पिशवीतून टाके उसवायचे छोटे हत्यार काढले आणि तिथेच पायरीवर बसून मला उसवले. गोंद निघता निघेना. माझा कोपरा वाकला तो तेव्हा. पण शेवटी प्लॅस्टिक सुटले, अंगाला वारा लागला, आणि मी पुन्हा जन्मलो म्हणा ना. दोघी परत रांगेत उभ्या राहिल्या. या वेळी मी फटीत असा सुळकन शिरलो की मशिनलाही दम खायला वेळ मिळाला नसेल. आत खडखड, खडखड, आणि पैसे बाहेर. त्या दोघी कापडाच्या दुकानाकडे अक्षरशः धावत सुटल्या आणि मी पाकिटात हिंदकळत होतो. दुकानदार शटर ओढायच्या बेतात होता.

पुढची वर्षे कशी गेली ते कळलेच नाही. इस्पितळाचे पडदे झाले, मग एका वसतिगृहाचे, मग एका नाट्यगृहाचे. मी मात्र माझ्या मर्यादेत राहिलो. एकदा विजेच्या मोटरवर चालणारे शिलाई यंत्र घ्यायला दोघी दुकानात गेल्या. खात्यात तेवढी शिल्लक नव्हती, म्हणून मी सरळ नकार दिला. दुकानदार लगेच म्हणाला, "हप्त्यांवर घ्या ना." पडदेवाली हसत म्हणाली, "नको हो. आमचं कार्ड नाही म्हणतंय, म्हणजे नाहीच." त्या क्षणी मला माझा एवढा अभिमान वाटला म्हणून सांगू. सोनेरी कार्डाला असे 'नाही' म्हणता आले असते का? पुढे तेच यंत्र पूर्ण किंमत देऊन घरी आले, माझ्याच हातून. जुन्या कर्जाचाही तडजोडीने निकाल लागला. ते पैसे दोघींनी मिळून माझ्याच खात्यातून थोडे थोडे फेडले. शेवटचा हप्ता भरला त्या दिवशी धाकटी पहिल्यांदा भावाचा विषय निघूनही मान वर करून जेवली.

मग माझी मुदत संपली आणि नवे कार्ड आले. जुने कार्ड कापून टाकावे असा नियम आहे. पडदेवालीने कात्री घेतली, माझी चिप कापून काढली आणि तिथेच थांबली. तिने मला पडद्याच्या चुणीवर धरून बघितले. माझी रुंदी तिच्या चुणीला चपखल बसली. तेव्हापासून मी चुण्या मोजायच्या कामावर आहे.

आणि आता आजची गोष्ट. सकाळी शेजारच्या गल्लीतली केस कापणारी बाई दुकानात आली. तिला मोठ्या सलूनमध्ये नोकरी मिळत होती, पण पगार खात्यातच जमा होणार होता. ती दारातच उभी राहून म्हणाली, "नवऱ्याच्या आजारपणात सगळे हप्ते थकले. माझी पत नाही. मला कुठली बँक दारात उभी करणार?"

पडदेवाली उठली. तिने कड्यांचा डबा उघडला, मला बाहेर काढले आणि त्या बाईच्या तळहातावर ठेवले. "याच्या कडेवरून बोट फिरव," ती म्हणाली. "लागतोय गोंद? बस. सगळं सांगते."

आणि तिने सगळे सांगितले, हसत हसत, स्वतःचीच टिंगल करत. बाईचे बोट माझ्या कडेवरून पुन्हा पुन्हा फिरत होते आणि ऐकता ऐकता तीही हसू लागली. मित्रांनो, चिप गेली तेव्हा मला वाटले होते की माझे बँकेतले दिवस संपले. पण आज मी पुन्हा एक खाते उघडायला निघालो होतो, आणि तेही चिपशिवाय.

जुन्या वस्तू आपल्या आत्मकथेच्या शेवटी सांगतात, आम्हाला जपा. मीही तेच सांगतो, पण थोडे वेगळे. पिन जपा, नंबर जपा, मला अनोळखी हातात देऊ नका. पण भीतीपोटी मला गुंडाळून ठेवू नका. वस्तूला तिच्या कामाला मोकळे ठेवणे, हेच तिचे जपणे. माणसांचेही तसेच असावे असे मला वाटते, पण माणसांबद्दल मी काय बोलणार, मी साध्या खात्याचे कार्ड.

धाकटीने चपला पायात सरकवल्या. "चला, मी येते तुमच्याबरोबर. मॅडम ओळखीच्या आहेत," असे म्हणत ती त्या बाईला घेऊन निघाली. दोघी कोपऱ्यावर पोचल्या तेव्हा पडदेवालीने शिलाई यंत्र थांबवले आणि खिडकीतून हाक मारली.

"अगं, आणि परत येताना त्या लॅमिनेशनवाल्याच्या रस्त्याने येऊ नका."