तीनशे लिटरची खूण

मी एक जुना कूलर आहे, मित्रांनो. पण वारा घालणारा नव्हे. हे आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर तुम्ही शर्टाची बटणं सोडून माझ्यापुढं उभे राहाल. मी दूध थंड ठेवणारा कूलर. हजार लिटर दूध मावेल एवढं माझं स्टीलचं पोट, आत दूध ढवळणारं पातं, पुढं एक तोटी आणि बाजूला गारवा देणारं यंत्र. आता यंत्र गेलं, पातं गेलं, झाकणाची एक बिजागरी तुटली. तोटी तेवढी शाबूत आहे. धारूरच्या डोंगराखालच्या एका गावात, चावडीपुढच्या लिंबाखाली मी उभा असतो. माझ्या पाठीवर कुणीतरी कोळशानं शिव्या लिहून ठेवल्या आहेत. असो.

दोन हजार चार साली मी ट्रकमधून या गावात उतरलो. गावानं तेव्हा नुकतीच दुधाची सहकारी संस्था काढली होती. बायकांनी मला ओवाळलं, चेअरमन मोहनरावांनी नारळ फोडला. मोहनरावांना सगळं गाव आप्पा म्हणायचं. मोठे बागायतदार, बोलायला गोड, कुणाला नाही म्हणणं त्यांच्या जिवावर यायचं. दूध मोजून घ्यायच्या कामावर त्यांनी भीमनगरातल्या छबुबाईला नेमलं. ती दहावी झालेली, हिशोबाला पक्की आणि तोंडाला तिखट. पहिले काही दिवस चार-सहा घरं दूधच घेऊन आली नाहीत. का आली नाहीत ते सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोलत नव्हतं. मग तिचं माप चोख आहे असं दिसलं आणि ती घरंही यायला लागली.

मित्रांनो, खरं सांगू? त्या वेळी मला फार तोरा होता. मला वाटायचं, दूध राखतो तो मीच! मी गार करतो म्हणून दूध टिकतं, दूध टिकतं म्हणून दूध विकत घेणाऱ्या संघाचा टँकर येतो, आणि टँकर येतो म्हणून गाव चालतं. आणि पहिल्याच महिन्यात माझं नाक कापलं गेलं. मी ठणठणीत चालू होतो, तरी आठवड्यातून दोनदा दूध नासायचं. साठ घरं सात वाजता एकदम यायची. ढकलाढकली, भांडणं, रांग पार रस्त्यापर्यंत. शेवटच्या बाईची पाळी येईपर्यंत ऊन चढायचं आणि तिच्या किटलीतलं दूध कोमट होऊन आंबायला लागायचं. ते माझ्यात ओतलं की बाकीच्या दुधाचीही वाट लागायची.

आप्पा म्हणाले, "आणखी एक कूलर मागवू." छबुबाई म्हणाली, "कशाला आप्पा? ह्योच अर्धा रिकामा हाय. आधी रांग कुठं अडती ते तर बघू द्या."

मग ती दोन सकाळी दारात नुसती उभी राहिली आणि बघत बसली. लोक म्हणाले, बाई कामचुकार निघाली. तिसऱ्या दिवशी तिनं सांगितलं, माप घ्यायला वेळ लागत नाही, दूध ओतायलाही लागत नाही. लागतो तो दुधातली फॅट, म्हणजे स्निग्धांश, मोजायच्या मशीनपुढं. तिथं एकेक जण खोळंबतो आणि त्याच्यामागं सगळं गाव खोळंबतं. तिनं लहान बाटल्या आणल्या, प्रत्येकीवर घराचा नंबर टाकला. झाकण काढून किटलीचा वास घ्यायचा, माप घ्यायचं, बाटलीत नमुना काढायचा, दूध कूलरमध्ये. आणि फॅट सगळ्यांची मागाहून, सावकाश. लांबच्या वस्तीवाल्यांना आधीची वेळ दिली, गावातल्यांना नंतरची. एका दारानं आत, दुसऱ्या दारानं बाहेर. दीड तासाचं काम चाळीस मिनिटांत व्हायला लागलं. एक रुपयाची मशीन आणली नाही हो! मी तोच, दूध तेच, माणसं तीच. तेव्हा मला कळलं की कोणी कधी यायचं, आधी काय करायचं आणि मग काय, ही मांडणी बसली तर यंत्राला अर्थ. नाहीतर यंत्र म्हणजे नुसता पत्रा. कारखाना असो, दवाखाना असो, रेशनचं दुकान असो, सगळीकडं हेच.

पण एका गोष्टीत तिला गावाशी भांडावं लागलं. आमच्याकडं दारी आलेलं दूध माघारी पाठवत नाहीत. अपशकुन मानतात. आणि छबुबाईचा तर नियम, वास आला की किटली परत, आणि नऊ वाजले की दार बंद. सिंधुबाई नावाची एक म्हातारी होती, तिची किटली पहिल्यांदा परत गेली तेव्हा तिनं केंद्र डोक्यावर घेतलं.

"दारी आल्यालं दूध माघारी लावतीस व्हय गं? लई शहाणी झालीस!"

"तुमच्या एका किटलीपायी साठ घरांचं नासू देऊ का काकू? घरी न्या, इरजण लावा, ताक करा. आन् उद्या किटली उन्हात वाळवून आणा."

सिंधुबाई सहा दिवस फिरकली नाही. सातव्या दिवशी आली ती लखलखीत किटली घेऊन. नंतर तीच नव्या सुनांना दटावायची, "वास घेऊ दे की तिला, कावून लाजतीस?"

अशी आठ-नऊ वर्षं गेली. दूध वाढत नऊशे लिटरवर गेलं आणि मग त्याच्या खाली कधी उतरलं नाही. तालुक्यात आमच्या केंद्राचा पहिला नंबर आला. त्या दिवशी आप्पांना शाल मिळाली, मला हार मिळाला आणि छबुबाईला टाळ्या मिळाल्या. ती माझी तोटी पुसत होती, तिला त्याचं काही वाटलं नाही. मला मात्र वाटलं.

दोन हजार बारा साली पाऊस आलाच नाही. पोळ्याला बैलं धुवायलासुद्धा पाणी नव्हतं. दिवाळीनंतर विहिरी तळाला गेल्या, आणि पुढं काही घरांनी जनावरं चारा छावणीत नेऊन बांधली. छावणी घाटाच्या वर, अठरा किलोमीटर लांब. त्या घरच्या बायका तिथंच जनावरांपाशी राहायला गेल्या. त्यांचं दूध गावातला शहादेव आपल्या टेम्पोतून खाली आणायचा. माझ्या पोटात नऊशेचे सहाशे झाले, सहाशेचे चारशे. आत मापाची पट्टी आहे, तिच्यावर मी रोज दूध खाली सरकताना बघत होतो आणि मला भीती वाटत होती.

मग संघाचं पत्र आलं. तीनशे लिटरपेक्षा कमी दुधासाठी टँकर पाठवणं परवडत नाही. दोनदा कमी भरलं तर चालवून घेऊ. तिसऱ्यांदा केंद्र बंद. आणि मोजायचं ते फक्त कूलरमधलं, बाहेरच्या कॅनमधलं नाही. केंद्र बंद म्हणजे साठ घरांचं दूध घ्यायला दुसरं कुणी नाही. दूध विकलं जाणार नसेल तर दुष्काळात जनावर कोण सांभाळणार? सगळे दावणी मोकळ्या करणार, हे सगळ्यांना दिसत होतं. छबुबाईनं तीनशेच्या खुणेवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "हिच्या खाली उतरायचं न्हाई." जणू मी ठरवणार होतो.

मार्चमध्ये दोनदा कमी भरलं.

एप्रिलमधल्या त्या दिवशी सकाळी नऊ वाजता पट्टीवर दोनशे सत्तर होतं. छावणीचं दूध आलं नव्हतं. आप्पा दारात येरझाऱ्या घालत होते. दहा वाजले, साडेदहा वाजले. छबुबाईनं आयुष्यात पहिल्यांदा नऊनंतर दार उघडं ठेवलं. अकराला शहादेवचा टेम्पो आला. तो घामानं निथळत होता.

"घाटात टायर फुटलं आप्पा. दीड घंटा उन्हात उभा व्हतो."

पस्तीस लिटरचा एक कॅन. छबुबाईनं झाकण काढलं, वास घेतला. नळीत थोडं दूध घेऊन दिव्यावर उकळून बघितलं. मी बघत होतो. दूध फाटलं नाही, पण काचेला बारीक कण चिकटले.

"ह्ये न्हाई चालायचं आप्पा."

"फाटलं तर न्हाई ना?"

"फाटायच्या वाटंला लागलंय."

आप्पांचा आवाज मऊ झाला. "आज तीनशे न्हाई भरलं तर उद्यापासून टँकर न्हाई, छबुबाई. दारी आलेलं दूध हाय. छावणीतल्या बायांनी आपल्या वाटणीचं पाणी जनावरांना पाजून काढलंय ते. मी कोण माघारी पाठवणार? तुमीच ठरवा."

बघा मित्रांनो, कसे होते आप्पा! 'ओता' असं म्हणाले नाहीत. 'तुमीच ठरवा' म्हणाले. नऊ वर्षं जिनं गावाच्या शिव्या खाऊन नियम पाळला, तिच्या हातात त्यांनी तो कॅन ठेवला आणि स्वतः अंगणात जाऊन उभे राहिले. छबुबाई बराच वेळ कॅनचा कान धरून उभी होती. मी आतून ओरडत होतो, नको, नको. पण माझा आवाज म्हणजे यंत्राची घरघर. ती तर रोजचीच. तिनं कॅन उचलला आणि ओतला. पट्टीवर तीनशे पाच झालं. त्या क्षणी तिच्या तोंडावर हसू आलं होतं, ते मी विसरू म्हटलं तरी विसरत नाही.

बाराला लाईट गेली. माझं यंत्र थांबलं आणि गार दुधात मिसळलेलं ते कोमट दूध सगळ्यालाच आंबवत गेलं. माझ्या पोटात काय चाललंय ते मला कळत होतं, आणि मला काहीही करता येत नव्हतं. चारला टँकर आला. त्याच्यासोबतच्या माणसानं नमुना उकळून बघितला आणि नळी उलटी करून दाखवली. सगळं फाटलं होतं. तीनशे पाच लिटरच्या तीनशे पाच लिटर.

टँकर रिकामा गेला. ज्या गावात लोक तांब्यानं पाणी मोजून पीत होते, तिथं माझी तोटी सोडून दूध ओढ्यात वाहून दिलं. ओढा इतका तापलेला होता की ते दोन हात लांबसुद्धा गेलं नाही. बायका पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. कुणीतरी विचारलं, "असं झालं तरी कसं?" शहादेव म्हणाला, "छबुबाईनं ओतलं." ते खरंच होतं. सगळ्यांनी तिच्याकडं बघितलं. तिनं आप्पांकडं बघितलं. आप्पा जमिनीकडं बघत राहिले.

केंद्र बंद झालं. महिन्याभरात गाई-म्हशी बाजारात गेल्या. सिंधुबाईची म्हैस गेली त्या दिवशी ती माझ्यापाशी येऊन बसली होती. संघानं माझं यंत्र आणि पातं काढून नेलं, आणि उरलेलं धूड ग्रामपंचायतीनं चावडीपुढं आणून ठेवलं. आता सरकारी टँकर माझ्यात पाणी सोडतो आणि गाव माझ्या तोटीवर भरतं. भरतं कसलं, लुटतं! कळशीवर कळशी आदळते, तोटी सोडूनच ठेवतात, चौथा हिस्सा पाणी चिखलात जातं. धडधाकट माणसं चार चार घागरी नेतात आणि म्हातारी माणसं मागं ताटकळतात. हीच माणसं हो! नऊ वर्षं मुंगीसारखी रांगेत आलेली हीच माणसं.

एक दिवस छबुबाईला ते बघवलं नाही. ती पुढं आली, तोटी बंद केली आणि म्हणाली, "आरं असं कसं पुरंल? घरामागं दोन घागरी, म्हाताऱ्या आन् पोटुशा आधी. नंबर लावा, मी सोडते पाणी. अर्ध्या घंट्यात सगळ्यांचं हुतंय बघा."

तिचं खरं होतं. मला माहीत आहे ना, तिनं रांग कशी सोडवली होती ते!

कळशी घेऊन पुढं उभी असलेली कौशल्याबाई म्हणाली, "छबे, हात काढ तोटीचा. दूध घालवलंस तेवढं बास झालं. पाण्याला हात लावू नको."

तिथं सिंधुबाई होती, शहादेव होता. चावडीच्या ओट्यावर आप्पा बसले होते. नऊ वर्षं या प्रत्येकाच्या घरचं दूध छबुबाईच्या हातातून गेलं होतं. कुणी काही म्हणतंय का, याची वाट बघत ती थांबली. मग तिनं तोटीवरचा हात काढला, घागर उचलली आणि सगळ्यांच्या मागं जाऊन उभी राहिली. तोटीपाशी पुन्हा रेटारेटी सुरू झाली. तिची पाळी आली तेव्हा माझ्यात पाणी उरलं नव्हतं.

मित्रांनो, माझ्यासारख्यांनी शेवटी यंत्राला तेलपाणी करा, पुसून ठेवा, असं काहीतरी सांगायचं असतं. ते करालच तुम्ही. पण सगळ्यांच्या घाईपायी एखाद्याच्या हातून चूक घडली, तर ती सगळ्यांची होती असं निदान एकानं तरी उभं राहून म्हणा. आमच्या गावात ते कुणी म्हटलं नाही. मी म्हणालो असतो, पण मी कूलर आहे, आणि आता तर मला घरघरसुद्धा उरली नाही.