दुसऱ्याच्या नावाचे उपवास

दशलक्षण पर्वाच्या आदल्या सकाळी बस्तीत, म्हणजे गावच्या जैन मंदिरात, अभिषेक आटोपला आणि पूजा सांगणाऱ्या उपाध्यांनी माइक हातात घेतला. पर्वाचे दहाही दिवस नुसत्या पाण्यावर काढणाऱ्यांची नावं ते पुकारणार होते. दरवर्षीची मंडळी ठरलेली, तीन-चार म्हाताऱ्या, एखादा रिटायर मास्तर आणि लग्न जमत नसलेली एखादी पोरगी. त्यामुळं अनुराधा बायकांच्या रांगेत खांबाला टेकून निवांत बसली होती. अकराला निपाणीत पतसंस्थेत हजर व्हायचं होतं, तिचं अर्धं लक्ष तिकडंच.

"सौभाग्यवती अनुराधा अभिनंदन मगदूम!"

तिला वाटलं, गावात दुसरी कुणी असेल. पण गाव केवढं आणि त्यात मगदूम किती! बायकांनी वळून तिच्याकडं पाहिलं, जयजयकार झाला, शेजारच्या अक्काताईनं तर तिचे पायच धरले. "पोरी, आता पाळणा हललाच म्हण," असं वर पुटपुटली. अनुराधानं सासूकडं पाहिलं. प्रेमलाबाई हात जोडून, डोळे मिटून बसल्या होत्या. मिटलेल्या डोळ्यांतून पाणी येत होतं. नाव कुणी दिलं, हे विचारायची गरजच उरली नाही.

आता तपच म्हणाल, तर अनुराधाचं तीन महिने चालूच होतं. वय छत्तीस, लग्नाला नऊ वर्षं, दोनदा टेस्ट ट्यूब करून हात रिकामे. बेळगावात टिळकवाडीतल्या डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट समोर ठेवून सांगितलं होतं, "तुमची स्त्रीबीजं कमी आहेत आणि त्यांची प्रत बेताची आहे. आणखी एकदा तुमच्या बीजांवर प्रयत्न करू. नाही जमलं तर दुसऱ्या बाईच्या बीजाचा विचार करावा लागेल." त्याआधी तीन महिने खाणं सुधारायचं, झोप सुधारायची, ठरलेल्या गोळ्या घ्यायच्या. "गोळ्यांनी बीजाचं वय मागं जात नाही हं," हेही त्यांनी स्वच्छ सांगितलं होतं. "फायदा किती होईल, मी लिहून देणार नाही. पण आहे ते बीज उपाशी शरीरात वाढवायचं नाही, एवढं आपल्या हातात आहे." प्रथिनांसाठी अंडी चालतात का, असं त्यांनी विचारलं तेव्हा प्रेमलाबाईंनी कानावर हात ठेवले होते. मगदुमांच्या घरात तो शब्दसुद्धा आजवर कुणी उच्चारला नव्हता.

पण त्याच प्रेमलाबाईंनी सुनेसाठी किती केलं होतं! औषधाच्या दुकानात ओमेगाच्या गोळ्यांची डबी हातात घेऊन विचारलं, "ह्यात मासा हाय काय?" दुकानदार म्हणाला, शेवाळाचं आहे. "आणि वरचं कवच कशाचं?" तो बिचारा कंपनीला फोन लावून हैराण झाला, पण कवच वनस्पतीचं आहे अशी खात्री झाल्याशिवाय बाई दुकानातून हलल्या नाहीत. चातुर्मासात त्यांना मोड आलेलं कडधान्य चालत नाही, तरी सुनेसाठी मुगाची पुरचुंडी वेगळी बांधून ठेवायच्या, बोट न लावता. जवसाची चटणी, पनीर, भोपळ्याच्या बिया, अक्रोड, सगळं दिवस मावळायच्या आत तिच्या ताटात पडायचं. अशी सासू देवानं वैऱ्यालाही द्यावी, असं अनुराधा ऑफिसात सांगायची. आणि त्याच सासूनं आता भर बस्तीत तिचा गळा धरला होता.

शुक्रवारपासून इंजेक्शनं सुरू व्हायची होती.

घरी येताच तिनं पर्स खुर्चीवर टाकली आणि सासूकडं वळली. "आत्ती, मला विचारायचं तरी होतं."

"विचारलं असतं तर तू न्हाई म्हटली असतीस."

"व्हय, म्हटलंच असतं! शुक्रवारी सुई आहे. दहा दिवस पाण्यावर राहिले तर तीन महिने खाल्लेलं सगळं मातीत जाईल."

प्रेमलाबाई डगमगल्या नाहीत. त्यांचा हिशेब वेगळा होता आणि तो त्यांनी मनापासून मांडला. "हे बघ, दोनदा डॉक्टरचं ऐकलं. दोन्ही बारी तू त्या खाटेवर पालथी पडून रडलीस, मी भाईर उभी. शरीराला औषध डॉक्टर देतंय गं. कर्माला कोण देणार? माझ्या सासूनं मला दहा उपवास करायला लावले आणि वर्षाच्या आत अभी झाला. सगळ्या गावाला ठावं हाय."

"तुम्ही तेव्हा एकवीस वर्षांच्या होता, आत्ती."

अभिनंदन सोप्यावर मूग गिळून बसला होता. आई आणि बायको यांच्या मध्ये बसायची त्याला नऊ वर्षांची सवय होती.

अनुराधानं त्याच्यासमोरच डॉक्टरीणबाईंना फोन लावला आणि स्पीकर सुरू केला. तिनं बस्तीतला प्रकार सांगितला. मग त्या म्हणाल्या, "फक्त पाण्यावर? मग मी शुक्रवारी सुरू करणार नाही. पुढं ढकलावं लागेल."

"किती पुढं?"

"शरीर सावरेल तसं बघू. पण तुमच्याकडं थांबायला फार वेळ नाही, हे मी आधीच बोलले आहे."

फोन बंद झाला. अभिनंदननं घसा साफ केला आणि एवढा वेळ शोधून काढलेली युक्ती मांडली. "माझं ऐक. नाव गेलंय ते गेलंय. सकाळी बस्तीत जायचं, हात जोडून यायचं. घरात जेव की! कडी लाव आणि जेव. कोण बघायला येतंय? आईची बी लाज राहती, तुझं बी काम होतं."

प्रेमलाबाईंनी मुलाकडं असं पाहिलं की त्याची मान खाली गेली. पण त्या नाही म्हणाल्या नाहीत. दशलक्षणाच्या दहा धर्मांतला एक धर्म सत्याचा, आणि त्याचा दिवस याच पर्वात येतो, हे ज्या बाईनं नातेवाइकांच्या पोरांना तोंडपाठ करून दिलं, ती बाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत गप्प राहिली. अनुराधाला सगळ्यात जास्त भीती वाटली ती ह्या गप्प राहण्याची.

कारण युक्ती सोपी होती. तिला मोहही झाला, का होऊ नये? रोज ताट मिळालं असतं, शुक्रवारची सुई चुकली नसती. पण शेवटच्या दिवशी हार घालून, सजवलेल्या गाडीत बसवून मिरवणूक काढतील. बायका पोरांना तिच्या पायांवर घालतील. आणि त्यानंतर?

"अहो, दिवस राहिले तर सगळं गाव म्हणेल, उपवासानं राहिले," ती सावकाश म्हणाली. "पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणा पोरीला उपाशी बसवतील, माझं नाव सांगून. आणि न्हाई राहिले, तर? तर तुम्ही दोघं तोंडानं बोलणार न्हाई, पण मनात म्हणाल, चोरून जेवली म्हणून. मी बी म्हणेन. आयुष्यभर म्हणेन."

त्या दिवशी पनीरची भाजी झाली, पण दिवस मावळायच्या आत तिघंही दोन-दोन घास खाऊन उठले. इकडे आड, तिकडे विहीर, आणि घरात एकमेकांच्या नजरा चुकवणारी तीन माणसं.

दुसऱ्या दिवशी पर्वाची पहिली सकाळ. बस्तीची रीत अशी की नाव पुकारलं तरी नियम, म्हणजे व्रत, आपल्या तोंडानं मागायचा. श्रीफळ घेऊन वेदीसमोर उभं राहायचं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलायचं. अनुराधा पांढरी साडी नेसून सासूच्या मागून चालली. घरातून निघताना प्रेमलाबाईंनी तिच्या हातात श्रीफळ दिलं. काय करणार आहेस, असं सासूनं विचारलं नाही आणि सुनेनं सांगितलं नाही.

म्हाताऱ्या एकेक करून पुढं झाल्या. मग तिची पाळी आली. उपाध्ये कौतुकानं हसले. "बोल पोरी, नियम माग."

मागं दीडशे माणसं, त्यात नवरा पुरुषांच्या रांगेत दाराशी, पळता येईल अशा जागी. ठरलेलं एक वाक्य बोलली असती तर सुटली असती. ती बोलली ते मात्र वेगळंच.

"मी उपवास धरणार न्हाई. मूल व्हावं म्हणून माझं औषध चालू आहे, आणि त्यासाठी मला जेवायला पाहिजे. हे दहा दिवस मी वेळेवर जेवीन, पोटभर जेवीन, आणि अन्नावर रागावणार न्हाई. मला एवढाच नियम द्या."

बस्तीत कुजबुज सुरू झाली. "नाव देऊन मागं फिरली," कुणी म्हणालं. "म्हणून तर कूस उजवत न्हाई," आणखी कुणी. उपाध्ये गोंधळले. असला नियम त्यांच्याकडं कुणी मागितला नव्हता. त्यांनी बायकांच्या रांगेकडं पाहिलं. "प्रेमलाक्का, नाव तुम्ही दिलतं. आता काय करू मी?"

अनुराधाला वळून बघायचा धीर होईना. सासू गावासमोर तिला काहीही बोलू शकली असती आणि गाव सासूच्याच बाजूनं उभं राहिलं असतं. प्रेमलाबाई उठल्या. लग्न होऊन या गावात आल्यापासून त्या ह्या बस्तीत कधी मोठ्यानं बोलल्या नव्हत्या.

"नाव मी दिलतं, तिला न विचारता," त्या म्हणाल्या. "पोट तिचं, भूक तिची, आणि शब्द मी देऊन बसलो. चूक माझी हाय. जे काय प्रायश्चित्त असंल ते मला द्या. तिला द्या ती मागतीय ते."

आणि उपाध्यांच्या उत्तराची वाट न बघता त्या सुनेच्या दंडाला धरून बाहेर पडल्या. अक्काताईनं पाय आवरून घेतले. वाटेत ओट्यांवर बसलेली माणसं बघत होती, बघू देत.

घरी आल्यावर प्रेमलाबाईंनी चूल नाही की गॅस नाही, आधी पाट मांडला. मग मुगाची उसळ केली, भाकरी थापली, जवसाची चटणी आणि वाटीभर तूप वाढलं. सुनेच्या समोर ताट ठेवून त्या भिंतीला टेकून बसल्या. आज त्यांचा स्वतःचा उपवास होता.

"शुक्रवारी मी बी येतो बेळगावला," त्या म्हणाल्या. "बसमधी पुढची शिट धर तेवढी, मला मळमळतंय." मग खाली बघत, "ह्या बारीला बी न्हाई झालं, तर?"

"तर न्हाई, आत्ती. पण आपल्या हातानं घालवलं, असं तुम्हाला न्हाई वाटायचं आणि मला बी न्हाई."

एवढं बोलून अनुराधानं घास तोंडात घातला आणि कालपासून दाबून धरलेलं रडू एकदम फुटलं. घास गिळवेना. प्रेमलाबाई सरकत जवळ आल्या, पदरानं तिचं तोंड पुसलं, भाकरीचा तुकडा मोडून, तुपात बुडवून तिच्या ओठांशी धरला.

"आधी रडून घे, मग खा," त्या म्हणाल्या. "रडत खाल्लेलं अंगी लागत न्हाई गं बाई."