लीलाधर सरांचं अडलेलं वाक्य

लीलाधर सरांची वाचा गेली ती अर्धीच गेली, आणि जी उरली ती इंग्रजी होती.

एरंडोलच्या एका हायस्कुलात त्यांनी उभा जन्म इंग्रजी शिकवलं. घरात मात्र इंग्रजीचा एक शब्द नसायचा. बायको झुंबरबाईंशी ते अहिराणीतच बोलायचे, भांडायचेही अहिराणीतच. निवृत्त होऊन काही वर्षं झाली होती. एका सकाळी दात घासता घासता त्यांच्या हातातला ब्रश गळून पडला आणि तोंड एका बाजूला ओढलं गेलं. शेजारच्या तोतारामने आपल्या गाडीत घालून त्यांना जळगावच्या दवाखान्यात नेलं. जीव वाचला. उजवा हात आणि उजवा पाय लुळा पडला, आणि बोलणं बंद झालं.

घरी सोडायच्या सुमारास ते पुन्हा थोडं बोलू लागले, पण उशाशी बसलेल्या झुंबरबाईंना त्यातलं काही कळेना. वात झालाय, बरळताहेत, असं त्यांना वाटलं. डॉक्टरांनी वाकून ऐकलं आणि म्हणाले, "आजी, हे इंग्रजी बोलताहेत. कधी कधी असं होतं. मागून शिकलेली भाषा आधी परत येते. घरची भाषा हळूहळू येईल. कदाचित येणारही नाही."

"मंग मी काय करू?" झुंबरबाईंनी विचारलं.

डॉक्टरांनी गोळ्या कशा द्यायच्या ते सांगितलं.

घरी आल्यावर झुंबरबाईंनी पुनमला फोन केला. पुनम सरांची विद्यार्थिनी. दहावीच्या वर्षी तिने सरांच्याच घरी अभ्यास केला होता, झुंबरबाईंच्या हातच्या भाकरी खाल्ल्या होत्या. आता ती जळगावच्या एका शाळेत इंग्रजी शिकवत होती. पहिल्याच रविवारी ती एसटीने एरंडोलला आली.

सर ओट्यावरच्या खाटेत उशीला टेकून बसले होते. तिला पाहताच त्यांनी डावा हात उचलला. ओठ जुळवायला वेळ लागला.

"आय ॲम वरीड अबाउट दॅट..."

आणि ते थांबले. कपाळाला आठी पडली. डाव्या हाताने त्यांनी हवेतच काहीतरी पुसल्यासारखं केलं आणि पुन्हा सुरुवात केली. "आय ॲम वरीड... अबाउट..." पुन्हा थांबले. पुन्हा पुसलं.

ते का थांबताहेत हे पुनमला पहिल्या झटक्यातच कळलं होतं. नववीच्या वर्गात सर म्हणायचे, "दॅट म्हणजे जावई. जावई आला की अबाउट, ऑफ, ऑन या बठ्ठ्यांनी, सगळ्यांनी, खाट सोडायची." काळजी एखाद्या माणसाबद्दल असेल तर अबाउट चालेल. पुढे सगळं वाक्य यायचं असेल तर अबाउट काढून नुसतं दॅट. दोघं शेजारी बसायचे नाहीत. कुणी आय ॲम नोइंग दॅट असं लिहिलं तरी ते न रागावता अहिराणीतल्या ‘जातोय, खातोय’वरून समजावायचे. "आपण जाई ऱ्हायनू म्हणतो, खाई ऱ्हायनू म्हणतो. पण माहीत होई ऱ्हायनं म्हणतो का? मग इंग्रजांना कशाला म्हणायला लावता?" वर्ग हसायचा आणि नियम डोक्यात बसायचा.

आता तीच चूक त्यांच्या तोंडून निघत होती. जीभ आजारी झाली होती, पण कान धडधाकट होता. कान चूक पकडायचा, सर ती सुधारायला मागे जायचे, आणि तेवढ्यात पुढे काय सांगायचं होतं ते निसटून जायचं.

"काय म्हणी ऱ्हायनात ते?" झुंबरबाई तिच्या तोंडाकडे बघत होत्या.

"म्हनतस, माले काळजी वाटस."

"कसानी?"

"ते अजून नाही सांगितलं, अक्का."

"दिवसभर दॅट दॅट करतस. दॅट म्हणजे काय व?"

"‘की’. मला काळजी वाटते की..."

"की काय?"

"पुढचं त्यांनाच सांगायचंय."

झुंबरबाईंनी पदराने सरांच्या ओठाच्या कडेची लाळ पुसली आणि त्या चहा टाकायला आत गेल्या.

मग पुनम दर रविवारी येऊ लागली. तिने घरातल्या वस्तूंची चित्रं आणली. सर ती बाजूला सारायचे. चहा आणि संडास मागायला त्यांना चित्रं लागत नव्हती, बोटाने भागत होतं. त्यांना सांगायचं होतं ते चित्रात बसणारं नव्हतं. तिने मुळाक्षरांची पाटी मांडीवर ठेवली. डावा हात अक्षरांवरून फिरायचा आणि भलत्याच अक्षरावर टेकायचा, आणि ते भलतं आहे हेही त्यांना कळायचं.

एकदा न राहवून ती म्हणाली, "सर, चुकू द्या. अबाउट राहू द्या तिथंच. तुम्ही पुढे चला."

सरांनी तिच्याकडे असं पाहिलं की ती क्षणभर नववीतली झाली. मग त्यांनी डोळे मिटून जोर लावला. "आय ॲम वरीड अबाउट दॅट शी... शी..."

झुंबरबाई दारात उभ्या होत्या. सरांचे ओठ हलत राहिले, हात उठला आणि हवेत पुसू लागला. मिटल्या पापण्यांतून पाणी ओघळलं.

"शी म्हणजे?"

"ती."

"ती म्हणजे मीच का?"

"असावं, अक्का."

"असावं म्हणजे?"

‘ती’ म्हणजे अक्काच, असं म्हणून त्या बाईचं समाधान करणं सोपं होतं. पण सरांसमोर बसून त्यांच्या वाक्यात आपला शब्द घालायला पुनमचं मन धजेना.

चैत्रात त्यांचा मुलगा नीलेश पुण्याहून गाडी घेऊन आला. वाईट मुलगा नव्हता. दोघा म्हाताऱ्यांना घेऊन जायचं आणि घराला कुलूप लावायचं, असं त्याने ठरवलं होतं. "तिकडे चांगले स्पीच थेरपिस्ट आहेत," तो पुनमला म्हणाला. "इथं आईला एकटीला हे झेपणार आहे का?"

त्याचं खोटं नव्हतं. आंघोळीला उचलताना झुंबरबाईंची कंबर धरायची. पण त्यांनी एकच अट घातली होती, आधी सरांना विचारायचं.

नीलेश खाटेच्या कडेला बसला. "नाना, पुण्याला यायचं ना?"

सरांनी त्याच्याकडे पाहिलं. "आय ॲम..." ओठ हलले, पण आवाज फुटला नाही. मग एकच शब्द स्वच्छ बाहेर पडला. "गोइंग."

"बघ, जातोय म्हणतात," नीलेश आईला म्हणाला. त्याच्या आवाजात सुटका होती.

"मध्ये काहीतरी होतं," पुनम म्हणाली. "ओठ हलले त्यांचे. अफ्रेड ऑफ गोइंग असेल, जायची भीती वाटते असं. नाहीतर थिंकिंग ऑफ असेल. नॉटही असेल."

"असेल म्हणजे? तू ऐकलंस का?"

"नाही. ऐकलं नाही."

नीलेशने पुन्हा विचारलं, सावकाश, एकेक शब्द सुटा करून. "येस," सर म्हणाले, आणि त्यांची मान मात्र नकारार्थी हलत होती. त्याने परत विचारलं. "नो," सर म्हणाले आणि होकाराची मान हलवली. मग स्वतःचाच राग आल्यासारखी त्यांनी डावी मूठ गादीवर आपटली. या आजारात हो आणि नाहीची अदलाबदल होते, हे डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं.

झुंबरबाई पुनमकडे वळल्या. "तू त्यास्नी बोली जाणस. तू सांग. हा म्हनतस का ना म्हनतस?"

नाही म्हणताहेत, असं पुनमच्या जिभेवर आलं होतं. पण ते सरांचं नाही होतं, की सर इथेच राहावेत असं वाटणाऱ्या तिचं? आणि पुण्यात खरंच बोलणं सुधारलं तर? सगळे तिच्याकडे बघत होते, सरही.

"अक्का, माले नही समजनं," ती म्हणाली.

सरांनी मान भिंतीकडे फिरवली.

दुसऱ्या दिवशी सामान गाडीत भरलं. तोताराम आणि नीलेशने सरांना उचलून पुढच्या सीटवर बसवलं. सरांनी डाव्या हाताने गाडीच्या दाराची कड घट्ट धरली. तोल जाऊ नये म्हणून धरली की जायचं नाही म्हणून, हे कुणालाच सांगता आलं नसतं. नीलेशने एकेक बोट अलगद सोडवलं आणि दार लावलं. झुंबरबाई मागे बसल्या. पुनमला त्यांनी "येस व," येते गं, इतकंच म्हटलं.

पुण्याहून फोन यायचे. सर सुधारत होते. आता ते पाणी मागत, पंखा लावायला सांगत, तेही पूर्ण वाक्यात आणि बिनचूक. नातीला त्याचं फार कौतुक होतं. थेरपिस्टने घरच्यांना त्यांच्याशी इंग्रजीतच बोलायला सांगितलं होतं.

"आणि ते काळजीचं?" पुनमने एकदा विचारलं. "ते सांगितलं का त्यांनी?"

"नही. आते ते काढतच नही," झुंबरबाई म्हणाल्या. "पाणी मांगतस, मी देस. वॉटर माले समजस आते."

फोनवर मिक्सरचा आवाज येत होता. तो थांबल्यावर झुंबरबाई हळूच म्हणाल्या, "तू बोल काहीतरी. आपलं बोल. मी मोठा आवाज करीसन त्यास्नाजवळ ठेवस."

मग पुनम अहिराणीत सांगू लागली. जळगावात ऊन कसं पेटलंय, दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही, रावेरकडे वादळ झालं आणि केळीचे बागच्या बाग आडवे पडले. मध्ये ती थांबली आणि कान देऊन ऐकलं. पलीकडे पंखा फिरत होता. सर ऐकताहेत, की झोपले आहेत, की मान फिरवून बसले आहेत, तिला कळायला मार्ग नव्हता. ती शाळेतूनच बोलत होती, मधली सुट्टी संपत आली होती. बाजारात लोणच्याच्या कैऱ्या आल्यात, असं ती सांगू लागली.