फडफडणारं कापड

माझ्या मेव्हण्याला, डेल्बर्टला, रिकामं बसता येत नाही. बायकोच्या उशाशी तर नाहीच नाही. तिचं खाणं सुटलं तेव्हा यानं गॅसची शेगडी खोलून साफ केली. नर्स येऊन 'आता फार दिवस नाहीत' असं सांगून गेली, तर हा पाण्याचा पंप उघडून बसला.

"अरे, बायको आजारी आहे, गाडी नाही," मी म्हटलं.

"गाडीचं मला कळतं, नेटी," तो म्हणाला.

आर्डिस माझी थोरली बहीण. नेब्रास्कातलं घर विकून ती दोघं एकोणीस वर्षं स्वयंपाकघर, झोपायची खोली असं सगळं असलेल्या मोठ्या गाडीतच राहिली. माझा नवरा गेल्यापासून माझीही छोटी गाडी हिवाळाभर त्यांच्याशेजारी, ॲरिझोनाच्या या वाळवंटात उभी असते. त्यांच्या झोपायच्या खोलीचा अर्धा भाग, पलंगासकट, बटण दाबून गाडीबाहेर सरकवायचा. बाहेर आलेल्या भागाच्या टपावर पाणी-कचरा साचू नये म्हणून वर एक कापड असतं. खोली बाहेर सरकली की ते नळीवरून उलगडतं आणि आत घेतली की नळीतली स्प्रिंग ते गुंडाळून घेते. उन्हानं ते कापड पार विरलं होतं. जानेवारीच्या वाऱ्यात शिवणीवर फाटलं आणि आर्डिसच्या डोक्यावर दिवसभर फडफड सुरू झाली.

"वर कुणीतरी चादरी झटकत बसलंय," ती म्हणाली. "डेल, याचं काहीतरी कर रे. नाहीतर याच्याआधी मीच फाटायची."

डेल्बर्टचा चेहरा उजळला. कितीतरी दिवसांनी त्याच्या हातानं होण्यासारखं काम तिनं सांगितलं होतं. दुरुस्तीवाल्यानं तीन आठवड्यांनंतरची वेळ दिली. "तीन आठवडे आहेत कुणाकडे?" असं म्हणून यानं स्वतः मापं घेतली आणि कापड मागवलं.

ते यायला नऊ दिवस लागले. तोवर वारा पडला होता आणि आर्डिस बहुतेक वेळ झोपेतच असायची. पण त्या शनिवारी सकाळी ती चांगली जागी होती. डब्यातल्या पीचच्या दोन फोडी खाल्ल्या, माझ्या केसांना नावं ठेवली.

"डेल, आज बस ना माझ्याजवळ," ती म्हणाली.

"दोन तास दे फक्त. तुला शब्द दिलाय ना मी."

"नको मला तो शब्द. तू बस."

तिच्या कपाळाचं चुंबन घेऊन तो शिडी आणायला गेला. त्याला दारातच अडवायला हवं होतं. एरवी माझी जीभ कुणाला सोडत नाही, पण त्या दिवशी मी मुकाट्यानं दुसऱ्या शिडीवर चढले. माणसाचं मन रमतंय तर रमू दे, असं वाटलं मला.

दोन तासांचे चार झाले. नवं कापड गाडीच्या कडेच्या खाचेत सरकेना. साबणाचं पाणी लावून इंच इंच ओढावं लागलं. शेवटी राहिली स्प्रिंग. नळी मी माझ्या टोकाला घट्ट धरायची, त्यानं त्याच्या टोकाचा दांडा पकडीनं चौदा वेळा पिळायचा आणि मग स्क्रू घालून अडकवायचा. मधे सुटलं तर पकड गरकन फिरते आणि बोटं सोलवटतात. माझं टोक आर्डिसच्या उशाकडे होतं, खिडकी माझ्या कोपराखाली उघडी.

"अकरा," डेल्बर्ट मोजत होता. "बारा."

"डेल," आतून आवाज आला. "डेल, थांब. मला भीती वाटतेय. आत ये."

मला शब्दन् शब्द ऐकू आला. गाडी मागे घेताना ती पाठीमागे उभी राहून 'थांब' म्हणाली की त्याचा पाय ब्रेकवर गेलाच म्हणून समजा, मग तो कितीही चिडलेला असो. पण शेतावरच्या यंत्रांनी त्याचे कान गेलेले. त्याला फक्त आपलं नाव कळलं.

"आलो, आलो! एक मिनिट!" तो ओरडला. "तेरा."

'ती घाबरलीय, सोड ते,' एवढंच मी म्हणायचं होतं. पीळ उलटा सोडायला अर्धं मिनिट लागलं असतं. पण नळी धरून माझे हात भरून आले होते, सगळं पुन्हा करावं लागेल म्हणून मी वैतागले होते, आणि माझ्या तोंडून निघालं, "आता सोडू नकोस, डेल्बर्ट! आधी स्क्रू घाल."

भोकं जुळेनात. पहिला स्क्रू खाली पडला. त्यानं खिशातून दुसरा काढला.

आम्ही आत गेलो तेव्हा तिचे डोळे उघडे होते, श्वास चालू होता, पण ती आम्हाला ओळखत नव्हती. तो तिचा हात धरून सारखा म्हणत राहिला, "ऐक, आर्डिस. आवाज नाही बघ आता." रविवारी सकाळी ती गेली.

आठवड्यानं त्यानं मला विचारलं, "तू खिडकीपाशी होतीस. काय म्हणत होती गं ती?"

मी त्याच्याकडे पाहिलं. त्यानं दाढी केली नव्हती, शर्टाची बटणं वरखाली लागली होती.

"म्हणाली, फडफड थांबली. बरं वाटतंय म्हणाली."

तो रडला. मग बाही डोळ्यांवरून फिरवून म्हणाला, "म्हणजे काम वेळेत झालं."

"झालं," मी म्हटलं.

आता रोज चारला आजूबाजूच्या गाड्यांतले सगळे घडीच्या खुर्च्या घेऊन गोल बसतात, आणि नवीन कुणी आलं की डेल्बर्ट ही गोष्ट सांगतो. "विचारा हवं तर नेटीला," म्हणतो. सगळे माझ्याकडे बघतात आणि मी मान हलवते. माझ्या गाडीत परत येऊन भांडी आपटते, स्वतःला शिव्या देते, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मान हलवते.

काल त्यानं आणखी एक विचारलं. "माझं नाव घेऊन म्हणाली ना?"

"हो," मी म्हटलं. तेवढं खरं होतं.