फळीवरची दुसरी बाटली

सकाळी अकराच्या सुमारास थोरलीने हात पुसलेली चिंधी बादलीत बुडवली आणि पाण्यावर तेलाचे तवंग पसरले.

चिंधी पिळायची तशीच राहिली. तिने बोट घालून पाणी ढवळलं. तवंग फुटले, बारीक झाले आणि हळूहळू सरकत पुन्हा एकमेकांना येऊन चिकटले.

ब्रेक ऑइल असं वागत नाही. सगळे त्याला ऑइल म्हणत असले, तरी पाण्यात पडलं की ते साखरेसारखं विरघळून जातं, मागे काही ठेवत नाही. ही चिंधी तिने फक्त ब्रेकच्या कामाला वापरली होती. चाकाच्या ग्रीसला वेगळी होती, ती अजून पायरीवर काळी होऊन पडली होती. थोरली लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत होती आणि कामाच्या चिंध्या वेगळ्या ठेवायची सवय तिला तिथूनच लागली होती.

तिने पडवीच्या कोपऱ्यातली बाटली उचलली. लेबल बरोबर होतं. ब्रेक ऑइल, मोठ्या अक्षरात. सकाळी आत ओततानाही तिने ते वाचलं होतं. तिने वाटीत स्वच्छ पाणी घेतलं आणि बाटलीतले उरलेसुरले चार थेंब त्यात पाडले. थेंब पाण्यावर डोळे वटारून बसले.

"आई," तिने आत हाक मारली, "फळीवरच्या या बाटलीत काय होतं?"

आई शिलाई मशिनवर बसली होती. शेजारच्या शाळेचे गणवेश शिवायला आले होते आणि मशिन सकाळपासून बंद नव्हतं. पायाखालचा पट्टा थांबला.

"कुठल्या? अगंबाई, ती तुझ्याकडे आहे होय! मी मघापासून शोधतेय. माझं मशिनचं तेल ते."

"यात कशाला भरलंस?"

"चोच बारीक आहे तिची. बरोबर बॉबिनच्या खाली एक थेंब सोडता येतो. तुझं आत काहीतरी उरलं होतं, ते ओतून दिलं. चांगली साबणाने धुतलीय हां, तशीच नाही भरली."

आईच्या घरात एकही बाटली मूळ मालासकट राहत नसे. शाम्पूच्या बाटलीत फिनेल, औषधाच्या बाटलीत गोंद, कॉफीच्या बरणीत बटणं. कशात काय आहे हे तिला एकटीलाच पाठ होतं, आणि आजवर तिची कधी चूक झाली नव्हती. म्हणून लेबल काढायची गरज तिला कधी पडली नाही.

थोरली वाटीकडे बघत राहिली. ते तेल धाकट्याच्या मोटरसायकलच्या पुढच्या ब्रेकमध्ये होतं, आणि धाकटा दहा वाजताच गाडी घेऊन निघाला होता.

धाकटा तपासणीसाठी रक्ताचे नमुने गोळा करायचा. दवाखान्यांतून डबा भरायचा आणि प्रयोगशाळेत पोचवायचा. महिन्यापूर्वी तो एका टेम्पोच्या मागे जाऊन आदळला. डबा शाबूत राहिला, गुडघा फुटला. "ब्रेक दाबला की माझी गाडी आधी विचार करते," तो पट्टी बांधून घेताना म्हणाला होता, "पटलं तर थांबते." सगळे हसले. थोरली हसली नाही. तिने त्याला दोन अटी घातल्या. गाडीवर असताना फोन उचलायचा नाही, कुणाचाही असो. आणि पुढचा ब्रेक ती स्वतः बदलणार, मोठी डिस्क आणि तिला दोन्ही बाजूंनी चिमटणारा दोन पिस्टनचा कॅलिपर लावून.

काल सुट्टीच्या दिवशी तिने चाक खोललं. डिस्क, कॅलिपर, जाळीची नवी नळी, सगळं नीट बसलं. प्रत्येक बोल्ट तिने टॉर्क पान्याने मोजून आवळला. राहिलं फक्त नळीतली हवा काढणं, ते आज सकाळी करायला घेतलं. तिने खाली कॅलिपरपाशी बसून नट सैल करायचा आणि धाकट्याने लिव्हर दाबायची.

"दाब. धरून ठेव. सोडू नकोस."

"किती वेळ? हा हात आहे ताई, तुझी लिफ्ट नाही."

"बोलू नकोस. दाब."

हवा काही निघेना. बुडबुड्यामागून बुडबुडा येतच राहिला आणि आणलेली बाटली संपली. धाकट्याला उशीर होत होता. तेव्हा थोरलीच म्हणाली, "आत फळीवर एक अर्धी आहे बघ. माझ्या स्कूटरची उरलेली." उघडलेली बाटली पुन्हा वापरायची नसते, हे तिला ठाऊक होतं. कंपनीत एखाद्या नव्या पोराने असं केलं असतं तर तिने त्याला सगळ्यांसमोर झापलं असतं. पण धाकटा शर्टाची बटणं लावत एक पाय दारात टाकून उभा होता. तिने लेबल वाचलं आणि ओतलं. हवा निघेपर्यंत जवळजवळ सगळी बाटली आत गेली.

मग त्याने गल्लीत एक फेरी मारली आणि दारासमोर येऊन गाडी जागच्या जागी उभी केली.

"दोन बोटांत थांबते ताई! दोन बोटांत! आई, बघितलंस?"

"बघितलं," आई म्हणाली. "आता वेगाने जाऊ नकोस म्हणजे झालं."

आता थोरलीने त्याला फोन लावला. रिंग पूर्ण वाजली. पुन्हा लावला. पुन्हा पूर्ण वाजली. पोरगा शब्दाचा पक्का निघाला होता, फोन बॅगेत टाकून गेला असणार. तिने 'थांब, पुढचा ब्रेक वापरू नकोस, फोन कर' असा निरोप लिहून पाठवला. निरोप गेला, वाचला गेल्याची खूण उमटली नाही.

मग तिने पार्टवाल्याला फोन केला. डिस्क त्याच्याच दुकानातून आणली होती.

"मशिनचं तेल?" पार्टवाला म्हणाला. "कसलं मशिन?"

"शिलाईचं."

"कमाल करता. ब्रेक शिवायचा होता का?" पलीकडून हसू आलं, पण ती हसली नाही हे कळल्यावर त्याचा आवाज बदलला. "किती गेलं आत?"

"बरंच."

"किती वेळ झाला?"

"तास होऊन गेला. काय होईल?"

"आतली रबरं फुगणार. ती या तेलासाठी नसतातच. सुरुवातीला काही कळत नाही, ब्रेक झकास लागतो. मग लिव्हर सोडली तरी ब्रेक पूर्ण सुटत नाही. घासत राहतो, तापतो. तापला की रबर आणखी फुगतं. शेवटी पुढचं चाक जाम."

"किती वेळात?"

"ते मी कसं सांगू? संध्याकाळपर्यंत काही होणार नाही, किंवा आत्ता झालं असेल. गाडी कुठे आहे?"

"डोंगरावरच्या दवाखान्यात जायचंय त्याला."

"उताराला नको," पार्टवाला म्हणाला. "त्याला वरच थांबवा बाई."

आई दारात येऊन उभी होती. हातात कात्री तशीच.

"काय झालं?"

"काही नाही. ऑइल बदलावं लागेल."

"मला बनवू नकोस. ते तेल चालत नाही का त्याला? तेलच ना ते पण?"

"तेल नसतं ते आई."

आईने बाटलीकडे बघितलं, मग वाटीकडे. "मी कशाला धुतली ती," ती म्हणाली. "टाकून दिली असती तर..." थोरलीने तिला काहीतरी सांगायला हवं होतं. ओतणारी मी होते, आणायला मीच सांगितलं, असं काहीतरी. पण तोवर तिने धाकट्याच्या फेरीतल्या पहिल्या दवाखान्याला लावलेला फोन लागला होता.

तिथली रिसेप्शनिस्ट धाकट्याला ओळखत होती. "गेला की. आज नुसता भाव खात होता, नवा ब्रेक लावलाय म्हणे. माझ्या पायापर्यंत गाडी आणून थांबवली मेल्याने. का हो, काही निरोप?"

दुसऱ्या दवाखान्यात कंपाउंडरने फोन घेतला.

"तो ना? आत्ताच वर गेला. गाडी जड चालतेय म्हणत होता. ढकलली तर चाक नीट फिरेना. बोट लावून बघितलं त्याने डिस्कला, चांगला चटका बसला. मी म्हटलं, नवीन आहे, बसायला वेळ लागतो. नवा बूट नाही का चावत!"

"मग?"

"मग माझ्याकडून मगभर पाणी घेतलं, ओतलं वरून. वाफ आली बघा. मग सुटलं चाक थोडं. म्हणाला, डबा वेळेत पोचायला हवा. गेला."

थोरलीने स्कूटरची किल्ली घेतली. डोंगरावरच्या दवाखान्याचा नंबर आईकडे देत म्हणाली, "लावत राहा. लागला की गाडी हलवू नकोस म्हणून त्याला सांगायचं. एवढंच. बाकी काही बोलत बसू नकोस."

"मी कशाला बाकी बोलू!" आई म्हणाली. तिने कात्री खाली ठेवली आणि नंबर लावायला घेतला.

रस्ता दुपारचा होता, मोकळा. थोरली प्रत्येक सिग्नलला स्वतःच्या स्कूटरचा ब्रेक दाबायची आणि तो सुटल्याची खात्री करून मगच पुढे जायची. वाटेत एका कडेला गर्दी दिसली तेव्हा तिने स्कूटर हळू केली. जवळ गेल्यावर दिसलं, भाजीची गाडी उलटली होती आणि लोक टोमॅटो वेचत होते. एक म्हातारा तिच्याकडे बघून म्हणाला, "बाई, बघताय काय, चार तुम्हीही उचला."

डोंगराच्या पायथ्याला, दगडखाणीच्या फाटकापाशी, तिने स्कूटर लावली. वर जायचा आणि खाली यायचा रस्ता हा एकच. वर निघावं की इथेच थांबावं, तिला ठरवता येईना. वर गेलं आणि वळणावर चुकामूक झाली, तर? तो तिला बघून हात करायला जाईल. हात करताना दुसऱ्या हाताने काय दाबेल? सकाळपासून तो दोन बोटांचा खेळ खेळत होता. डोकं 'नको' म्हणेपर्यंत बोटं आपलं काम करून मोकळी होतील.

फाटकावरच्या रखवालदाराला तिने विचारलं, "निळा डबा मागे बांधलेली गाडी खाली गेली का?"

"वर जाताना बघितली. खाली नाही. निदान मी बघितली नाही. मध्ये जेवायला बसलो होतो."

"किती वेळ?"

"जेवायला लागतो तेवढा," रखवालदार म्हणाला. तिचा चेहरा बघून त्याने पुढे जोडलं, "माझं तोंड रस्त्याकडेच होतं, ताई."

तेवढ्यात आईचा फोन आला.

"लागला गं, लागला! नर्स होती. तो येऊन गेला. डबा घेतला आणि निघाला."

"तिने निरोप दिला का?"

"ती म्हणते माझा फोन आला तेव्हा तो दवाखान्याच्या फाटकाबाहेर पडला होता. ती धावली, हाका मारल्या, पण तो वळणाआड गेला होता. थांब, तीच आहे दुसऱ्या फोनवर, तूच बोल. मला काय विचारावं कळत नाही."

आईने दोन फोन एकमेकांना टेकवले असावेत. नर्सचा आवाज डब्यातून आल्यासारखा येत होता.

"ताई, तुमचा भाऊ गाडीपाशी खूप वेळ बसला होता. चाक अडकलंय म्हणत होता. आमच्या ड्रायव्हरकडून दहा नंबरचा पाना घेतला त्याने."

"पाना?"

"हो. चाकापाशी काहीतरी सैल केलं, थोडं पातळ काहीतरी उडालं, आणि चाक सुटलं. मग म्हणाला, जमलं. ताईचं बघून शिकलो."

थोरलीने डोळे मिटले. त्याने हवा काढायचा नट उघडला होता. आत कोंडलेला दाब निघून गेला, म्हणून चाक फिरलं. आता नट नीट आवळला नसेल, तर पुढचा ब्रेक लागणारच नव्हता. आवळला असेल, तर एकदा दाबेपर्यंत गाडी ठीक चालणार होती, आणि दाबला की चाक पुन्हा धरून ठेवणार होतं. मागचा ब्रेक आणि गिअर यांच्यावर उतरता येतं. त्याला ते येतही होतं. पुढच्या लिव्हरला हात लावायचा नाही हे त्याच्या लक्षात आलं होतं की नाही, हे मात्र नर्सला विचारून कळण्यासारखं नव्हतं.

तरी तिने विचारलं, "तो चालवत गेला की ढकलत?"

"फाटकापर्यंत ढकलत गेला. पुढचं मला दिसलं नाही. ड्रायव्हरला विचारते, थांबा हं."

फोनमध्ये पावलं वाजली, दार वाजलं. मागे आईचा श्वास ऐकू येत होता. थोरली वरच्या वळणाकडे बघत होती. एक ट्रक उतरला, खडी सांडत. त्याच्या मागे काही नव्हतं.

"ताई," नर्स परत आली. "ड्रायव्हर म्हणतो, फाटकाबाहेर गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. पण ती किती लांब गेली ते त्याला माहीत नाही. पाना परत देऊन गेला तुमचा भाऊ. पुसून दिला."

थोरलीने फोन ठेवला आणि धाकट्याचा नंबर लावला. रिंग वाजत होती; तो गाडीवर असला, तर उचलणार नव्हता.