घंटेतलं पाणी

शनिवारचा बाजार उरकला की रादिसाव आणि विदोये, हे दोघे भाऊ, आमच्या सर्बियातल्या वाल्येवो गावच्या चौकातल्या हॉटेलात कॉफी प्यायला बसायचे. आमची आलुबुखाराची बाग त्यांच्या कुंपणाला लागून, त्यामुळे मीही सोबत. मागवायचं काम थोरल्या रादिसावचं. मागवायचंच कशाला, बोलायचं सगळंच काम त्याचं. धाकटा विदोये अडखळायचा. शब्द घशात अडकला की मान ताठ, डोळे मिटलेले, आणि तो शब्द सुटेपर्यंत रादिसावने तो केव्हाच बोलून टाकलेला असायचा.

"तीन कॉफ्या," रादिसाव म्हणाला. "माझ्या भावाला गोड."

कॉफी आणणारी पोरगी वळली. विदोयेने हात वर केला.

"क्... क्... कडू."

"अरे, जन्मभर गोड पितोयस की!"

"त्-तूच मागवतोस."

मला हसू आलं, ते मी रुमालात दाबलं. पण पोरगी काही जाईना. ती विदोयेकडे बघत उभी.

"काका, माझ्या धाकट्या बहिणीच्या शाळेत तुम्हीच बोलायला आलेलात ना? ती पण असंच बोलते हो. घरी येऊन रडली. म्हणे, ताई, आज कुणीतरी माझ्यासारखं बोललं, तेही माईकवर." असं म्हणून तिने आधी विदोयेची कॉफी आणली. रादिसावची नंतर.

रादिसावला मिरची झोंबली. कपात साखर घालून तो इतका वेळ ढवळत बसला की म्हटलं आता तळाला भोक पडतंय.

आता बघा, गावात लग्न असो, बारसं असो, कुणाची स्लावा, म्हणजे घरच्या संताचा सण, असो, पेला उंचावून चार शब्द बोलायचे ते रादिसावनेच. माणसं पोट धरून हसायची. विदोये आपला सुतारकामाच्या शेडमध्ये रंधा मारत बसायचा. पण दोन वर्षं त्याचे दात दुखत होते. दर गुरुवारी दाताच्या डॉक्टरकडे! मग कळलं, डॉक्टर कुठला आलाय, शहरात अडखळणारी माणसं जमतात, तिथे हा जायचा. कुणी बस ड्रायव्हर, कुणी मास्तरीण, एक तर वकील. तिथे कुणी जीभ सरळ करून देत नाही. एवढंच सांगतात, अडखळ, पण बोल. मग ही मंडळी शाळाशाळांत जायला लागली, पोस्टात, दवाखान्यात. आपल्यावर काय काय गुजरलं ते सांगायचं आणि म्हणायचं, बाबांनो, समोरचा अडला तर त्याचा शब्द हिसकावू नका. थांबा.

रादिसाव एकदा गुपचूप बघायला गेला होता. हे त्यानेच मला नंतर दारूच्या भट्टीपाशी सांगितलं. शाळेच्या हॉलच्या खिडकीबाहेर उभा राहिला. आत विदोये एका शब्दावर अडलेला. आणि हॉलभर पोरं, मास्तर, आया, सगळे गप्प. कुणी खोकलंसुद्धा नाही.

"माझ्यासाठी लोक हसलेत, टाळ्या वाजवल्यात," रादिसाव म्हणाला. "पण असं कुणी थांबलंय का रे माझ्यासाठी कधी?"

त्याच्यासाठी थांबायची वेळच कुणावर आली नव्हती.

त्याच शरदात विदोयेची पोर पावलिना, सात वर्षांची, अडखळायला लागली. रादिसाव दुष्ट नव्हता हो. पोरीला खांद्यावर घेऊन गाव फिरवायचा. पण पोटात हेवा शिरला की तो आपल्या माणसालाही डसतो. भर अंगणात तो विदोयेला म्हणाला, "शाळाशाळांत तोतरेपणाची जत्रा भरवतोस ना? घे, घरातच लागण झाली."

विदोयेची बायको रुझित्सा कपडे वाळत घालत होती. तिच्या हातातली चादर चिखलात पडली.

त्यांची आत्या स्तोयान्का म्हणाली, "उगीच भांडू नका. स्लावाला पोरीला घंटेतून पाणी पाजू. घंटेसारखी खणखणीत बोलेल. तोवर तिला चारचौघांत तोंड उघडू देऊ नका म्हणजे झालं."

आमच्याकडे हे चालतं, आजही चालतं. देवळातली छोटी घंटा उलटी करायची, त्यात पाणी ओतायचं आणि भरल्या घरात पोराला प्यायला लावायचं. विदोयेलाही लहानपणी पाजलं होतं. प्यायल्यावर कुणीतरी ओरडलं, "काय रे, वाजली का घंटा?" सगळं घर हसलं. त्या दिवसापासून पोरगं जे मिटलं ते मिटलंच.

विदोये आत्याला म्हणाला, "न्... न्... न्..."

"नक्की, म्हणतोय," रादिसाव म्हणाला.

भावाला 'नको' म्हणायचंय हे त्याला कळलं नसेल, असं मला वाटत नाही.

मित्रोवदान आला, त्यांच्या घरच्या संताचा दिवस. मेणबत्ती लागली, पाद्रीबाबांनी भाकरीवर वाईन शिंपडली, कापली आणि ते पुढच्या घरी गेले. पंचवीस-तीस माणसं टेबलाला. स्लावाला पाहुणे बसतात आणि यजमान उभा राहतो. दिवसभर उभा राहून वाढतो, टेकत नाही. बाप गेल्यापासून या घरात यजमान म्हणून रादिसाव उभा राहायचा. अंगण एक, संत एक, मग बोलायला दोघे कशाला?

सारम्याचं भलंमोठं पातेलं नुकतंच टेबलावर आलं होतं, खिमा भरलेल्या कोबीच्या पानांतून वाफ निघत होती. रादिसावने पेला उचलला, दोन विनोद सांगितले, लोक हसले. मग त्याने आत्याला खूण केली. आत्या घंटा घेऊन आली, दोन्ही हातांत धरून, पाणी काठोकाठ.

"ये गं राणी," रादिसाव म्हणाला. "सगळ्यांसमोर पी आणि मग सगळ्यांसमोर बोल."

पावलिना आईच्या मागे लपली. कुणीतरी हसलंच. रुझित्साने पोरीला घट्ट धरलं आणि नवऱ्याकडे बघितलं. माझा घास हातातच राहिला. बाप आज गप्प बसला तर ही पोरही मिटणार, हे त्या घरात दोघांनाच माहीत होतं, या नवराबायकोला.

विदोये उठला. टेबलाला वळसा घालून आला आणि भावाच्या शेजारी उभा राहिला.

"म्... म्... माझी प्-पोर..."

"पिणार, म्हणतोय," रादिसाव म्हणाला.

विदोयेने तळहात त्याच्या तोंडासमोर धरला. टेकवला नाही, नुसता धरला.

"प्... प्... पिणार नाही."

आत्याच्या हातातलं पाणी हिंदकळून तिच्या पायावर पडलं.

"आज मी ब्-बोलणार. व्-वेळ लागेल. घाई असेल त्याने ज्-जेवून घ्या." कुणी जेवलं नाही. "प्-पोरगी झाली तेव्हा नाव नोंदवायला कचेरीत आपण दोघे गेलो. आठवतं, दादा? मला म्हणायचं होतं प्... प्... प्..."

मान ताठ झाली. रादिसावचे ओठ सवयीने हलले. विदोयेचा हात अजून तिथेच होता.

"पेत्रिया. आपल्या आ-आईचं नाव. मी प वर अडलो आणि तू पावलिना म्हणालास. कारकुनाने विचारलं, बरोबर? मी म्-मान हलवली."

रादिसावचा चेहरा पांढरा पडला. "मग तेव्हाच बोलायचं होतंस!"

"ब्-बोलतच होतो."

रादिसावने पेला खाली ठेवला. विनोद संपले होते. आता जे बाहेर आलं, तसं काही येईल असं कुणालाच वाटलं नव्हतं.

"तुझ्यासाठी लोक थांबतात," तो म्हणाला. "रस्त्यात तुला आधी नमस्कार करतात. मला जळतं रे, विदोये. रात्रंदिवस जळतं. तुझं तोंड मी होतो. आता तुला तोंड फुटलं, मग मी कोण?"

"प्-पाहुणा," विदोये म्हणाला आणि खुर्ची ओढली. "बस."

घरच्या संताच्या दिवशी रादिसावला बसलेला आम्ही कधी पाहिला नव्हता. त्याला गुडघे कुठे वाकवावेत हेच कळेना. शेवटी बसला. विदोयेने त्याच्या ताटलीत सारमा वाढला, वाईन ओतली, यजमान वाढतो तशी. मग पोरीजवळ जाऊन उकिडवा बसला.

"बाळा, त्-तुला कुठलं नाव हवं? त्-तूच सांग."

पावलिना आईच्या मागून बाहेर आली. एवढी माणसं बघून तिचा चेहरा लाल झाला.

"प्... प्... प्..."

काय क्षण होता तो! आत्याचे ओठ हलत होते. रादिसावने मिशी दातांत धरली होती, डोळ्यांत पाणी, पण तोंड बंद. आणि खरं सांगतो, विदोयेच्याही ओठांवर पेत्रिया येऊन उभं राहिलेलं मला दिसलं. त्याने ते गिळलं. कसं गिळलं त्याचं त्यालाच माहीत. सारम्याची वाफ निघायची थांबली. कुणी काटा उचलला नाही.

"पावलिना," पोर म्हणाली. "ते म्-माझं आहे."

विदोये आधी चमकला, मग हसायला लागला, गालांवरून पाणी वाहत होतं तरी हसतच होता. त्याचाही अंदाज चुकला होता! जन्मभर ज्याचे शब्द लोकांनी चोरले, त्यालासुद्धा पोटच्या पोरीचा शब्द आधी ओळखता आला नाही. मग तुम्हाला-आम्हाला काय कळणार कुणाच्या घशात काय आहे ते?

रादिसावचा हेवा गेला का? छे. हेवा काय एका दिवसात जातो? अजून विदोये कुठे बोलायला निघाला की हा कुंपणापाशी येऊन माझ्याजवळ कुरकुर करतो. पण घंटा त्यानेच देवळात परत नेऊन टांगली, आणि आत्याला बजावलं की पुन्हा खाली उतरवलीस तर बघ.

तुमच्याही घरी कुणीतरी असेल असं, शब्दावर अडणारं. पुढच्या वेळी ते अडलं की तुमची जीभ आवरा. थांबा. एवढी घाई कसली? जेवण गार होईल, होऊ दे. सारमा दुसऱ्यांदा गरम केल्यावरच जास्त चांगला लागतो.