सात नंदीध्वज जाईपर्यंत

"मामा, ती वायर बघा," हाताखालची सुकन्या म्हणाली, तसं शिवशरणनं मान वर केली.

डाव्या हाताच्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीतून एक काळी केबल निघाली होती आणि रस्ता ओलांडून समोरच्या दिव्याच्या खांबाला जेमतेम बावीस फुटांवर बांधली होती. काल संध्याकाळी सहा वाजता शिवशरण याच रस्त्यानं विजापूर वेशीपर्यंत पायी, मान वर करून चालत गेला होता. तेव्हा ती नव्हती.

सिद्धेश्वराच्या यात्रेतला अक्षतांचा, म्हणजे देवाच्या लग्नाचा दिवस. पांढऱ्या बाराबंद्या घातलेली माणसं पहाटेपासून रस्ते भरून चालली होती. तीस फुटांच्या आसपास उंचीचे सात नंदीध्वज, एकेक काठी एकेका माणसानं कमरेच्या पट्ट्यावर तोललेली, माणिक चौकाकडून निघाले होते. ती काठी वरती वायरीला अडली आणि कलली, तर खाली या गर्दीत काय होईल याचा विचारही शिवशरणला नको होता.

शिवशरण बिराजदार महापालिकेच्या दिवाबत्तीत वायरमन. नोकरीला एकतीस वर्षं झालेली, मे महिन्यात निवृत्ती. ट्यूबलाइटी गेल्या, पिवळे दिवे आले, तेही जाऊन पांढरे आले. नगरसेवक आले-गेले, मध्ये काही वर्षं नुसता प्रशासक होता. दिवा गेला की लोक मात्र शिवशरणलाच हाक मारायचे. कसब्यात कन्नडमधून, पूर्व भागात तेलुगूतून, वेशीपाशी दखनीतून, बाकी सगळीकडे मराठीतून. तो चारही भाषांत एकच उत्तर द्यायचा, "आलो." आणि जायचा. यात्रेचा मार्ग मोकळा ठेवायचं काम दरवर्षी त्याचंच.

त्यानं शिडीच्या गाडीला फोन लावला. गाडी दत्त चौकात गर्दीत अडकली होती. जवळ होती ती नुसती सरकवून लांबवायची हातशिडी.

"किती वेळ हाय आपल्याकडं?" सुकन्यानं विचारलं.

हलगी ऐकू यायला लागली होती. "पंधरा मिन्टं," तो म्हणाला आणि पिशवीतून पक्कड काढली.

तेवढ्यात इमारतीच्या जिन्यातून एक बाई धावतच खाली आली. केसांत अजून फणी अडकलेली.

"अण्णा, कापू नका. तुमच्या पाया पडते, कापू नका."

"अक्का, काठ्या यायल्यात. ही वायर ठेवता येत न्हाय."

"माझी आरोही वर बसलीय. हैदराबादच्या कंपनीचा इंटरव्ह्यू चालू हाय तिचा, कॉम्प्युटरवर. दोन वर्षं झाली कॉलेज संपून, पहिल्यांदाच कुणी बोलावलंय. काल सात वाजता नेटवाला जोडून गेला." बाईला धाप लागली होती. "मी महेश्वरी. चादरीच्या कारखान्यात होते, तो बंद पडला. आता विड्या वळते. एवढं एक होऊ द्या, अण्णा."

अशा शेकडो केबली शिवशरणनं कापल्या होत्या. लोकांनी शिव्या दिल्या, कुणी गयावया केली, पण पक्कड थांबली नव्हती. आज ती थांबली. त्यानं वर पाहिलं. गॅलरीकडचं टोक उंचावर होतं. खांबाकडचं टोक शेंड्यापर्यंत नेऊन ताणलं, तर केबल काठीच्या वरून जाईल.

"शिडी लाव," तो सुकन्याला म्हणाला. खांबावर वीज राहू नये म्हणून पेटीतला फ्यूज त्यानं स्वतः काढून खिशात टाकला, कमरेला पट्टा बांधला आणि शिडीवर पाय ठेवला.

दुसऱ्या पायरीवर उजवा गुडघा अडला.

दिवाळीपासून तो गुडघा असाच करत होता. डॉक्टरांनी शिडी बंद सांगितली होती. हे त्यानं ऑफिसात सांगितलं नव्हतं, घरीसुद्धा अर्धंच सांगितलं होतं. त्यानं दात आवळून पुन्हा जोर लावला. पाय थरथरायला लागला, आणि त्याच्याबरोबर शिडीही.

"मामा, उतरा," सुकन्या हळूच म्हणाली. "मी जाते."

तिला नोकरीला लागून वर्षही झालं नव्हतं. सांगोल्याकडची लवट्यांची पोरगी, आयटीआय करून आलेली. आजवर शिवशरणनं तिला पंधरा फुटांच्या वर जाऊ दिलं नव्हतं.

"शिडी पंचवीस फुटांवर संपती. पुढं खांबाला मिठी मारून जायचं हाय."

"बाभळीवर चढून शेळ्यांना पाला पाडायची मी. बाभळीला काटं असतेत. ह्याला तेबी न्हाईत."

तो उतरला. पट्टा काढून त्यानं तिच्या कमरेला बांधला, दोनदा ओढून पाहिला.

सुकन्या वर गेली. शिडी संपली तिथं क्षणभर थांबली, मग पायांनी खांब आवळून सरकायला लागली. "निधाना, निधाना," शिवशरणच्या तोंडातून कन्नडच निघालं, सावकाश या अर्थानं. तिनं शेंड्याला पट्टा अडकवला, केबलीची गाठ सोडली, टोक वर घेतलं. आता बांधायचं, तोच "हर्र बोला हर्र"चा गजर कोपऱ्यावर फुटला. पहिला नंदीध्वज वळणावर होता.

"बांधायला येळ न्हाय," ती वरून ओरडली. "धरूनच ठेवती."

तिनं केबल मनगटाला गुंडाळून ताणली. झोळ उचलला गेला. शिवशरणनं शिडीला दोन्ही हातांचा वेढा घातला. महेश्वरीनं न सांगता दुसरी बाजू धरली.

पहिला नंदीध्वज केबलीखालून गेला. हातभर जागा उरली असेल. लोकांना त्याचा पत्ताच नव्हता. ते काठीकडे बघून हात जोडत होते. दुसरा गेला. तिसरा आला.

एकतीस वर्षं शिवशरणनं हे नंदीध्वज वरूनच पाहिले होते. काठीचं टोक आपल्या वायरीखालून सुटलं की तो पुढच्या खांबाकडे पळायचा. काठीखालचा माणूस त्यानं कधी बघितलाच नव्हता. आता तो बघत होता. मानेच्या ताणलेल्या शिरा, डोळ्यांत उतरणारा घाम, तापलेल्या रस्त्यावर अंदाज घेत पडणारी अनवाणी पावलं. एवढं वजन असतं होय, असं त्याला वाटलं.

चौथा, पाचवा.

"जमतंय का पोरी?"

"मोजा तुमी," ती म्हणाली.

तो मोठ्यानं मोजायला लागला. सहा. मग बऱ्याच वेळानं सात.

सुकन्यानं केबल शेंड्याला पक्की बांधली आणि खाली आली. मनगटावर लालभडक वळ उठला होता. ती हसत होती, हसू थांबायला तयार नव्हतं. महेश्वरीनं तिचा हात हातात घेऊन फुंकर घातली.

"वर जाऊन बघा की अक्का, काय झालं ते," सुकन्या म्हणाली.

"बोलतीय अजून. आवाज ऐकू येतोय," महेश्वरी म्हणाली. तरी ती वर गेली नाही, तिथंच उभी राहून कान देत राहिली.

फोन वाजला. इंजिनियर वैजयंती मॅडम होत्या. "बिराजदार, सगळे सुखरूप गेले का? आणि खांबावर कुणी चढलं होतं म्हणे, तुम्हीच ना?"

शिवशरणनं वळून सुकन्याकडं पाहिलं.

"न्हाय मॅडम. सुकन्या लवटे. माझ्यानं आता चढणं होत न्हाय."

पलीकडून काही बोलणं आलं. तो "व्हय, व्हय" म्हणाला, फोन ठेवला आणि खिशातला फ्यूज पेटीत परत बसवला.

पुढं पंचकट्ट्यापर्यंत अजून खांब बघायचे होते. सुकन्यानं शिडी मिटवली, खांद्यावर घेतली, अवजारांची पिशवीही उचलली आणि गर्दीतून वाट काढत निघाली. शिवशरणच्या हातात काहीच उरलं नाही. थोडा वेळ ते हात कुठं ठेवावेत हे त्याला सुचेना. मग त्यानं ते पाठीमागं बांधले आणि तिच्या मागोमाग, जरा लंगडत, चालायला लागला.